एक सेमिस्टर परदेशात: फॉर्म भरण्यापासून मार्क चढेपर्यंत

एक्सचेंजचं नाव काढलं की सगळे जण व्हिसा, तिकीट आणि थंडीचे कपडे इथूनच सुरुवात करतात. मीही तेच केलं होतं, म्हणून अनुभवाने सांगते, खरी डोकेदुखी यातल्या कशाचीच होत नाही, ती होते क्रेडिटची. म्हणजे तिकडे जाऊन तुम्ही पाच विषय शिकलात, परीक्षा दिल्यात, पासही झालात आणि परत आल्यावर आपलंच डिपार्टमेंट म्हणतं की यातला एक आम्हाला चालत नाही. माझं अगदी असंच झालं. एका विषयाला आमच्या सरांनी कॉरिडॉरमध्ये चालता चालता "हो हो, घे तो, काही प्रॉब्लेम नाही" म्हटलं होतं, मी त्या भरवशावर निर्धास्त, आणि परत येईपर्यंत सर मोठ्या रजेवर गेलेले, त्यांच्या जागी आलेल्या मॅडमना माझ्या विषयाबद्दल काडीचीही माहिती नाही. त्यांचं तरी काय चुकलं, कागदच नव्हता ना. तो विषय मला पुढच्या सेमिस्टरला पुन्हा करावा लागला. त्यामुळे पुढे "ईमेलवर घ्या" हे वाक्य तुम्हाला कंटाळा येईपर्यंत दिसणार आहे, ते मुद्दाम आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण यात भरपूर जण फसतात. एक्सचेंज म्हणजे दोन युनिव्हर्सिटींमध्ये करार असतो, तुम्ही फी आपल्याच युनिव्हर्सिटीत भरता आणि तिकडची ट्यूशन फी माफ असते, डिग्रीही आपल्याकडचीच मिळते. दुसरा प्रकार असतो फी भरून जाण्याचा, ज्याला फी-पेइंग स्टडी अब्रॉड किंवा फ्री मूव्हर म्हणतात, त्यात तिकडची पूर्ण फी तुमच्या खिशातून जाते. माहितीपत्रकात दोन्ही शेजारी शेजारी छापलेले असतात, फोटोही तेच, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की ही सीट कराराखाली आहे का आणि फी माफीत नेमकं काय काय येतं. ट्यूशन माफ म्हणजे सगळंच माफ नव्हे. सेमिस्टर फी, स्टुडंट युनियनची वर्गणी, इन्शुरन्स, लॅबचा खर्च हे बऱ्याच ठिकाणी वेगळं भरावं लागतं.

युरोपातला इरॅस्मस हा यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रोग्रॅम. १९८७ मध्ये ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी घेऊन तो सुरू झाला, आता त्यात युरोपाबाहेरच्या युनिव्हर्सिटीही करार करून येतात आणि अशा सीटला महिन्याच्या खर्चासाठी ग्रँट आणि प्रवासाला मदत मिळते. आपल्या युनिव्हर्सिटीचा असा करार आहे का हे इंटरनॅशनल ऑफिसला विचारायला काही पैसे पडत नाहीत, पण विचारतच नाही कोणी. मग सीट रिकामी राहते आणि आपण म्हणतो आपल्याला कुठे काय मिळतं.

किती आधी सुरुवात करायची? एक वर्ष. ऐकायला जास्त वाटतं पण उलटं मोजून बघा, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी व्हिसाला दोनतीन महिने धरा, व्हिसाला लागतं तिकडचं ॲडमिशन लेटर, लेटरच्या आधी तुमचा अर्ज, अर्जाच्या आधी नॉमिनेशन आणि नॉमिनेशनच्या आधी आपल्या युनिव्हर्सिटीतली निवड. झालं की वर्ष. यातही नॉमिनेशन आणि अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं डोक्यात ठेवा. आपली युनिव्हर्सिटी तुमचं नाव पाठवते ते नॉमिनेशन, त्यानंतर तिकडून लिंक येते आणि तुम्ही स्वतः अर्ज भरता. "माझं सिलेक्शन झालं" म्हणून पार्टी देऊन बसलेले आणि त्या लिंकचा ईमेल स्पॅममध्ये पडून राहिलेला असे लोक मी बघितलेत, त्यामुळे रोज नाही तर एक दिवसाआड स्पॅम बघत जा.

आता कुठे जायचं. शहर बघून निवडू नका, कोर्स लिस्ट बघून निवडा, आणि लिस्ट म्हणजे वेबसाइटच्या पहिल्या पानावरची "आमच्याकडे ५०० कोर्सेस" असली नव्हे, एक्सचेंज विद्यार्थ्यांना खुले असलेले, तुमच्या सेमिस्टरला शिकवले जाणारे आणि तुम्हाला येणाऱ्या भाषेतले कोर्सेस. तीन चाळण्या लावल्या की ५०० चे १५ उरतात. मेडिसिन, लॉ, बिझनेस अशी काही डिपार्टमेंटं बाहेरच्यांना घेतच नाहीत किंवा मोजक्या सीट देतात, मास्टर्सचे कोर्स बॅचलर्सवाल्यांना बंद असतात, आणि कित्येक कोर्स फक्त हिवाळ्यात किंवा फक्त उन्हाळ्यातच असतात. पुढच्या वर्षीची लिस्ट अजून आलेली नसेल तर मागच्या दोन वर्षांची बघा, दोन्ही वर्षं त्याच सेमिस्टरला दिसला तर तो विषय यंदाही असण्याची शक्यता चांगली.

कॅलेंडरचा घोळ यातच सोडवून टाका. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, तासिका साधारण फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि बऱ्याच परीक्षा त्यानंतर. आता तुमच्या इथलं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल तर तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी कसे असणार? स्वीडनचं ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन जानेवारीच्या मध्यापर्यंत जातं, जपानमध्ये शैक्षणिक वर्षच एप्रिलला सुरू होतं आणि दुसरं सेमिस्टर सप्टेंबर-ऑक्टोबरला, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्च आणि जुलै. म्हणजे नुसत्या तारखांवरूनच अर्धे पर्याय गळतात. परीक्षा लवकर देता येते का, किंवा त्याऐवजी रिपोर्ट चालतो का हे काही प्रोफेसर मान्य करतात, पण जायच्या आधी विचारायचं, आणि अर्थातच ईमेलवर घ्यायचं.

मोटिव्हेशन लेटरबद्दल दोनच गोष्टी. "मला नवीन संस्कृती अनुभवायची आहे" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, वाचणाऱ्याचे डोळे त्यावरून घसरून जातात. त्याऐवजी तिथल्या दोन कोर्सची नावं घ्या, ते आपल्याकडे का नाहीत आणि तुमच्या प्रोजेक्टला कसे लागतात हे लिहा, एक पान बास. भाषेचा पुरावा मात्र आधी बघा. आयईएल्टीएस आणि टोफेलचे स्कोअर २ वर्षंच चालतात, आणि बऱ्याच एक्सचेंजला ही परीक्षा लागतच नाही, आपल्या युनिव्हर्सिटीने "शिक्षण इंग्रजीतून झालंय, पातळी बी-२ आहे" असं पत्र दिलं तरी पुरतं (बी-२ म्हणजे युरोपच्या भाषापट्टीवरची वरची मधली पातळी). आधी विचारा, मग परीक्षेचे पैसे भरा.

आता मुख्य कागद, लर्निंग ॲग्रीमेंट

यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे. इरॅस्मसमध्ये याला हेच नाव आहे, बाकी ठिकाणी स्टडी प्लॅन, क्रेडिट ॲप्रूव्हल फॉर्म असं काहीही असेल, गाभा एकच. डाव्या बाजूला तिकडे करणार ते विषय, उजव्या बाजूला त्यांच्या बदल्यात इथले कुठले विषय माफ होणार ते, आणि खाली तीन सह्या, तुमची, इथल्या युनिव्हर्सिटीची, तिकडच्या युनिव्हर्सिटीची. लोक डावी बाजू मन लावून भरतात आणि उजवीकडे "इलेक्टिव्ह" असं मोघम लिहून मोकळे होतात. घोळ उजव्या बाजूला होतो बरं का. तिथे इथल्या विषयाचा कोड, नाव, क्रेडिट सगळं पाहिजे.

क्रेडिटचं गणित असं. युरोपात ईसीटीएस नावाची क्रेडिट पद्धत चालते, पूर्ण वर्षाला ६०, सेमिस्टरला ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, त्यात तासिका, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट, म्हणजे त्यांचे दोन म्हणजे युरोपातलं एक. अमेरिकेत सेमिस्टरला १५ च्या आसपास घेतात, म्हणून ढोबळमानाने तिथलं एक म्हणजे युरोपातले दोन. तुमच्या युनिव्हर्सिटीचा स्वतःचा हिशोब वेगळा असणार, तो लेखी मागा. आणि सेमिस्टरला ३० लिहिलंय म्हणून ३० च घ्या असं नाही, इथे किती लागतात ते बघून वर एखादा जादा विषय ठेवा, कारण एखादा कोर्स रद्द होणं, दोन कोर्सच्या वेळा एकावर एक येणं हे होतंच होतं. माझ्या पाचांपैकी दोन पहिल्याच आठवड्यात बदलावे लागले होते, आणि कॉरिडॉरमधल्या "हो हो"वर घेतलेला तो विषयही त्यांच्या जागी घेतलेल्या दोघांतलाच, म्हणून सांगते.

म्हणजे मी काय करायला हवं होतं ते तुम्ही करा. तिकडच्या १० विषयांचा पूर्ण सिलॅबस पीडीएफ करून घ्या, प्रत्येकाच्या समोर इथला जुळणारा विषय लिहा, आणि दहाच्या दहा विषय जायच्या आधीच डिपार्टमेंटकडून मंजूर करून घ्या, जरी घेणार पाचच असलात तरी. वरचे पाच म्हणजे स्टेपनी. मग तिकडे एक पंक्चर झाला तर नव्याने परवानगी मागत बसायला नको, तेही वेळेचा फरक आणि सुट्ट्या सांभाळत. तोंडी होकार मिळाला तर त्याच दिवशी ईमेल टाका, "सर, आज बोलल्याप्रमाणे अमुक विषय तमुकच्या बदल्यात मी घेतेय, आपली संमती आहे असं समजू का", त्यांनी नुसतं "ओके" जरी लिहिलं तरी तो कागद झाला. ईमेल त्या व्यक्तीसोबत ऑफिसच्या पत्त्यावरही टाका, म्हणजे माणूस बदलला तरी ऑफिसकडे राहतो.

मार्कांचं रूपांतर हा आणखी एक खड्डा. जर्मनीत १.० सगळ्यात चांगला आणि ४.० ला पास, म्हणजे आकडा जितका लहान तितकं बरं. फ्रान्समध्ये २० पैकी, १० ला पास, आणि १६ मिळाले तर पेढे वाटावेत अशी परिस्थिती, पण तेच सरळ टक्केवारीत घातले की ८० दिसतात आणि इथल्या कोणाला त्यात विशेष वाटत नाही. इटलीत ३० पैकी आणि १८ ला पास. डेन्मार्कची पट्टी तर उणे ३ पासून १२ पर्यंत जाते, मधले आकडेही सलग नाहीत. म्हणून विचारून ठेवा की आपल्याकडे हे मार्क कुठल्या तक्त्याने बदलतात की नुसतं पास-फेल धरतात. पास-फेल असेल तर अवघड विषय बिनधास्त घ्या, तुमच्या सरासरीला धक्का लागत नाही. ग्रेड मोजले जात असतील तर जरा विचार करून घ्या, नवीन देश आणि नवीन परीक्षा पद्धत यात पहिल्या सेमिस्टरला मार्क थोडे पडतातच.

व्हिसा, पैसे, घर

व्हिसाचे नियम देशाप्रमाणे आणि पासपोर्टप्रमाणे बदलतात, तेव्हा त्या देशाच्या अधिकृत साइटवरच बघायचं, मित्राने मागच्या वर्षी काय केलं यावर जायचं नाही. काही गोष्टी मात्र उपयोगी पडतील. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, टुरिस्ट टाइपचा व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरताच असतो, त्यावर सेमिस्टर बसत नाही, लाँग-स्टे किंवा रेसिडन्स परमिटच लागतं. अमेरिकेला एक्सचेंजवाले बहुतेक जे-१ व्हिसावर जातात, त्यासाठी तिकडची युनिव्हर्सिटी डीएस-२०१९ नावाचा फॉर्म पाठवते, प्रोग्रॅम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासूनच देशात शिरता येतं आणि संपल्यावर ३० दिवस राहता येतं. जपानसाठी आधी तिकडच्या युनिव्हर्सिटीमार्फत सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी येतं, मग व्हिसा. कुठल्याही देशात एक गोष्ट समान, पैशांचा पुरावा. काही देशांना नुसतं बँकेचं स्टेटमेंट चालतं, जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंट (म्हणजे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढायची असं खातं) किंवा स्कॉलरशिपचं पत्र वगैरे लागतं, आणि ते अकाउंट उघडून पैसे पोचायला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यात होणारं काम नाही ते.

पासपोर्ट परत येण्याच्या तारखेनंतरही निदान ६ महिने चालू असलेला बरा. जन्मदाखला, मार्कशीट यांवर अपोस्टिल लागतं का ते विचारा, हा १९६१ च्या हेग कराराखालचा शिक्का आहे, करारातल्या देशांना तो पुरतो आणि दूतावासाच्या वेगळ्या साक्षांकनाची गरज राहत नाही. कॅनडा जानेवारी २०२४ ला यात आला, त्यामुळे जुनी माहिती वाचून डबल काम करू नका.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे ओटीपी. तुमच्या इथल्या बँकेचा ओटीपी इथल्या नंबरवर येणार. तिकडे गेल्यावर नवीन सिम टाकलं, जुनं सिम बंद पडलं की तुमचे स्वतःचे पैसे तुम्हालाच हलवता येत नाहीत. जायच्या आधी जुन्या सिमवर रोमिंगमध्ये मेसेज येतात ना ते तपासा, रिचार्ज कधी संपतो ते कॅलेंडरला लावा, शक्य असेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावून घ्या. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं न्या आणि ती दोन वेगळ्या जागी ठेवा. पहिल्या महिन्यात घराचं डिपॉझिट, भाडं, बसचा पास, उशी-पांघरूण असं सगळं एकदम अंगावर येतं, तेव्हा नेहमीच्या महिन्याच्या दुप्पट पैसे हाताशी धरा.

घर शोधताना पहिला पर्याय युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल, आणि त्याचा अर्ज ॲडमिशनच्या अर्जापेक्षा वेगळा असतो, डेडलाइनही वेगळी आणि बऱ्याचदा लवकर. ते नाही मिळालं तर खाजगी. घरमालक म्हणाला की मी सध्या बाहेरगावी आहे, पैसे पाठवा मग चावी कुरियर करतो, की समजायचं फ्रॉड आहे. फोटो सुंदर, भाडं कमी आणि घाई फार, तिन्ही एकत्र आले की पळा. करारातल्या तारखा नीट वाचा, तुमची शेवटची परीक्षा करार संपायच्या आधी आहे ना? माझ्या एका मैत्रिणीचा करार महिन्याच्या शेवटी संपला आणि परीक्षा पुढच्या महिन्याच्या चार तारखेला, चार रात्री तिने दुसऱ्यांच्या खोलीत जमिनीवर अंथरुण टाकून अभ्यास केला. पोचल्या दिवशी सामान उघडायच्या आधी खोलीचा व्हिडिओ काढा, भिंतीवरचे डाग, तुटका हँडल, सगळं, आणि तो घरमालकाला ईमेल करून टाका, डिपॉझिट परत घेताना हाच व्हिडिओ कामाला येतो.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही नाहीतरी जास्तच नेणार. फक्त औषधं नीट बघा. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या ब्रँडऐवजी मूळ औषधाचं नाव लिहिलेली, आणि औषधं मूळ पाकिटात. काही देश फार कडक आहेत, जपानमध्ये अँफेटामीन असलेली एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाची) औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. आणि सगळी मूळ कागदपत्रंही हातातल्या बॅगेतच, ती चुकून मोठ्या बॅगेत गेली आणि बॅग दुसऱ्याच शहरात उतरली तर एअरपोर्टवरच्या अधिकाऱ्याला दाखवायला काही उरत नाही.

पोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस

हे पंधरा दिवस फिरायचे नाहीत, रांगेत उभं राहायचे आहेत. जर्मनीत राहायला आल्यापासून २ आठवड्यांत आणि जपानमध्ये १४ दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो, कोरियात लाँग-स्टेवाल्यांनी ९० दिवसांत परदेशी म्हणून नोंदणी करायची असते. बऱ्याच ठिकाणी पत्त्याच्या नोंदणीशिवाय बँक नाही, आणि बँकेशिवाय भाडं भरायला त्रास, म्हणजे एकात एक अडकलेलं असतं सगळं. ओरिएंटेशन बोअर वाटलं तरी जा, माहितीपेक्षा ओळखींसाठी. तिथे शेजारी बसलेला माणूसच पुढे सहा महिने तुमच्यासोबत जेवायला असतो.

तिकडचा कोऑर्डिनेटर कोण ते नाव आणि ऑफिसची वेळ लिहून घ्या, आणि ॲरायव्हल सर्टिफिकेट, म्हणजे पोचल्याचा दाखला, असेल तर पहिल्याच दिवशी सही घ्या, ग्रँटचे पैसे त्या तारखेवरून मोजले जातात.

मग येतो ॲड-ड्रॉपचा काळ, म्हणजे विषय बदलायला मिळणारे सुरुवातीचे दिवस. या दिवसांत सगळ्या विषयांच्या पहिल्या तासाला जाऊन बसा, जे घ्यायचे नाहीत त्यांच्याही. प्रोफेसर किती भराभर बोलतात, परीक्षा तोंडी आहे का लेखी, ग्रुप प्रोजेक्ट किती, हे पहिल्या तासालाच कळतं. विषय बदललात की लगेच लर्निंग ॲग्रीमेंटमधला बदलांचा भाग भरायचा आणि पुन्हा तिघांच्या सह्या. हे काम लोक "नंतर करू" म्हणून टाकतात आणि ते नंतर कधी येत नाही. तुमच्याकडे आधीच मंजूर स्टेपनी विषय असतील तर ही सही एका ईमेलचं काम आहे.

जर्मनीसारख्या देशात आणखी एक सापळा असा की कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तारीख वेगळी, आणि ती चुकली की वर्षभर वर्गात बसून काही उपयोग नाही. वेळापत्रकात तासाच्या पुढे सी.टी. लिहिलं असेल तर तास १५ मिनिटं उशिरा सुरू होतो आणि एस.टी. लिहिलं असेल तर ठोक्याला. मी पहिल्या आठवड्यात रिकाम्या वर्गात एकटीच बसून सगळे कुठे गेले म्हणून घाबरले होते. स्वीडनमध्ये पुष्कळ ठिकाणी चार विषय एकाच वेळी न शिकवता एकामागून एक शिकवतात, एक संपवून परीक्षा देऊन मग दुसरा, त्यामुळे तिथे "अजून वेळ आहे" म्हणून सोडून चालत नाही, पहिली परीक्षा महिन्याभरातच येते.

मन लागत नाही त्याचं काय? लागत नाही, खरंच. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेला फुलब्राइट स्कॉलरशिपवर जाऊन आलेल्या २०० च्या आसपास नॉर्वेजियन लोकांना विचारून बघितलं होतं. ६ महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बऱ्यापैकी रुळलेले, १८ महिन्यांच्या वर राहिलेलेही रुळलेले, आणि मधले मात्र हैराण, त्यावरूनच परदेशात रुळण्याची ती इंग्रजी यू अक्षरासारखी, आधी वर, मधे खाली, पुन्हा वर जाणारी रेघ निघाली. नंतरच्या अभ्यासकांना सगळ्यांच्या बाबतीत ती तशीच दिसली नाही हे खरं, पण सुरुवातीचा उत्साह ओसरला की मधे एक पडता काळ येतो हे मी आणि माझ्या सोबतच्या बहुतेकांनी बघितलं. माझा दुसऱ्या महिन्यात आला. रोज संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल, मग रडू, मग झोप. शेवटी मी रोजचा कॉल एक दिवसाआड केला आणि रिकाम्या संध्याकाळी युनिव्हर्सिटीच्या बॅडमिंटनला जायला लागले, खेळ येत नसतानाही. फार दिवस झोप-जेवण बिघडलेलं राहिलं तर मात्र युनिव्हर्सिटीचं काउन्सेलिंग सेंटर गाठा, बऱ्याच ठिकाणी ते एक्सचेंजवाल्यांनाही मोफत असतं. आणि दर शनिवार-रविवार नवीन शहर हे प्रकरण ग्रुपमध्ये सगळे करतात म्हणून करू नका, पैसेही जातात आणि तुम्ही ज्या शहरात राहताय तेच बघायचं राहून जातं.

या सगळ्यात इथली युनिव्हर्सिटी विसरायची नाही. तुम्ही तिकडे असतानाच इथे पुढच्या सेमिस्टरची नावनोंदणी, इलेक्टिव्हची निवड, परीक्षेचा फॉर्म, हॉस्टेलची खोली हे सगळं होऊन जातं, आणि क्लासच्या ग्रुपवर आलेली सूचना तुम्ही झोपेत असताना दोनशे मेसेजखाली गाडली जाते. एक भरवशाचा मित्र किंवा मैत्रीण ठरवून ठेवा जो अशा वेळी फोनच करेल.

निघायच्या आधी आणि आल्यावर

शेवटचे तीन आठवडे परीक्षा, निरोपाच्या पार्ट्या आणि पॅकिंग यात जातात, म्हणून परतीची कामं त्याच्याही आधी सुरू करा. डिपार्चर सर्टिफिकेटवर शेवटच्या दिवसांतलीच तारीख लागते, त्या आठवड्यात ऑफिस बंद नाही ना ते बघा. पत्त्याची नोंदणी रद्द करा, बँक खातं डिपॉझिट परत आल्यावरच बंद करा, आधी बंद केलंत तर डिपॉझिट येणार कुठे? लायब्ररीचं एखादं पुस्तक राहिलं असेल तर काही युनिव्हर्सिटी ट्रान्सक्रिप्टच, म्हणजे तिकडची मार्कशीटच, अडवून ठेवतात, ते परत केल्याची पावती घ्या. खोली सोडताना पुन्हा व्हिडिओ.

आणि तिकडचा लॉगिन चालू आहे तोवर सगळं उतरवून घ्या, सिलॅबस, तुमचे असाइनमेंट, त्यावरचे मार्क, प्रोफेसरांचे ईमेल, कारण तुम्ही गेल्यावर ते अकाउंट कधीतरी बंद होतं आणि मग पुरावा म्हणून दाखवायला काही राहत नाही. एखाद्या विषयात नापास झालात तर पुन्हा परीक्षा कधी असते आणि ती लांबून देता येते का हे तिथे असतानाच विचारा. ट्रान्सक्रिप्ट आपोआप जातो का मागावा लागतो, तुमच्याकडे येतो की थेट युनिव्हर्सिटीला, हेही. इरॅस्मसमध्ये निकालानंतर साधारण ५ आठवड्यांत तो द्यायचा असा नियम आहे, पण एखाद्या प्रोफेसरांनी मार्कच भरले नसतील तर नियमाचं काय लोणचं घालायचं, त्यांना थेट आठवण करून द्यावी लागते, नम्रपणे, दर आठवड्याला.

परत आल्यावर काही दिवस सगळं फिकं वाटतं, घरचे पहिल्या दोन दिवसांत फोटो बघून संपवतात आणि तुमच्या गोष्टी कुणाला ऐकायच्या नसतात. सोबत गेलेल्यांशी बोला, आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना मदत करा, ते मात्र तासन् तास ऐकतात.

ट्रान्सक्रिप्ट आला की एक फाइल करा. त्यात सही झालेलं मूळ लर्निंग ॲग्रीमेंट, बदलांचा सही झालेला भाग, ट्रान्सक्रिप्ट, सिलॅबस आणि होकाराचे सगळे ईमेल, तारखेच्या क्रमाने. ती डिपार्टमेंटला आणि परीक्षा विभागाला दोघांनाही द्या आणि पोच घ्या. मग महिन्याभराने स्वतः सिस्टिममध्ये लॉगिन करून एकेक विषय तपासा, कोड बरोबर आहे का, क्रेडिट पूर्ण चढलेत का, ग्रेड उलटा तर नाही ना लावला. माझ्या ओळखीतल्या एकाचा जर्मनीतला १.३ इथे चक्क १० पैकी १.३ म्हणून चढला होता, आणि त्याला ते कळलं तेव्हा शेवटच्या वर्षाचा फॉर्म भरायची तारीख चार दिवसांवर आली होती.